‘टिअर्स ऑफ द किंगडम’मधल्या जगाला काहीच कसे आठवत नाही?

प्रश्न
राजहंसगड (बेळगाव)

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेची मी जुनी चाहती आहे. 2011 साली मस्कतला असणाऱ्या मामांनी सुट्टीवर येताना थ्रीडीएस हे निन्टेन्डोचे हातात धरून खेळायचे यंत्र आणि त्यावरचा ‘ऑकारिना ऑफ टाइम’ आणला, आणि तेव्हापासून या मालिकेतला जो खेळ हाती लागला तो शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मी खाली ठेवलेला नाही. आपल्याकडे निन्टेन्डोची यंत्रे अधिकृतपणे विकली जात नसल्यामुळे ‘टिअर्स ऑफ द किंगडम’साठीही गोव्याहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाची वाट पाहावी लागली. एवढ्या ओढीने सुरू केलेला खेळ संपला तेव्हा मनात एक रुखरुख राहिली आणि ती अजून गेलेली नाही. ज्यांनी हा खेळ पुरा केला आहे त्यांचे मत मला हवे आहे. पुढे कथेतली सगळी रहस्ये उघड होतात, तेव्हा ज्यांचा खेळ अजून व्हायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.

खेळ वाईट आहे, असे मी अजिबात म्हणणार नाही. 12 मे 2023 रोजी तो आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. वस्तू एकमेकींना जोडून वाहने तयार करण्याची त्यातली सोय अपूर्व आहे, आणि आकाशातल्या बेटावरून खाली उडी घेताना पोटात जो गोळा येतो त्याला तोड नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या जगाला काहीच आठवत नाही. आधीच्या खेळात घडलेले आठवत नाही, आणि याच खेळात मी स्वतः शोधून काढलेलेही आठवत नाही.

त्यातली पहिली गोष्ट मी सोसली. भूमी 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चीच आहे, गावेही तीच आहेत, मधे थोडीच वर्षे गेली आहेत. त्या खेळात रिटो लोकांच्या गावावर, उंच सुळक्याच्या टोकाशी, वाह मेडोह हा प्रचंड यंत्रपक्षी येऊन बसतो. नव्या खेळात तो नाही. त्याच्यासारखे आणखी तीन यंत्रप्राणी नाहीत, शीका लोकांचे मनोरे आणि 120 श्राइन, म्हणजे कोड्यांची छोटी मंदिरे, जमिनीने गिळल्यासारखे नाहीसे झाले आहेत, आणि एखाद-दुसरा ओझरता उल्लेख सोडला तर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. खेळाचा नायक लिंक याने ज्यांच्यासाठी जिवाचे रान केले, त्यांतले कितीतरी गावकरी त्याच्याशी पहिल्यांदाच भेटल्यासारखे बोलतात. तरीही मी मनाची समजूत घातली की नव्या खेळाडूंना परके वाटू नये म्हणून हे केले असेल.

दुसरी गोष्ट मात्र मला सोसवली नाही. राजकुमारी झेल्डा सुरुवातीलाच नाहीशी होते आणि तिचा शोध हाच कथेचा कणा आहे. हायरूल या तिच्या राज्याच्या माळांवर, वरून पाहिल्याशिवाय कळू नयेत एवढी मोठी रेखाचित्रे उमटलेली असतात. त्यांतल्या प्रत्येकात एक अश्रू सापडतो आणि त्या अश्रूतून भूतकाळातला एक प्रसंग दिसतो. हे प्रसंग जुळत गेले की कळते, झेल्डा अतिप्राचीन काळात जाऊन पडली, राजा राउरू आणि राणी सोनिया यांच्याजवळ राहिली, आणि लिंकच्या मोडलेल्या तलवारीला, मास्टर सोर्डला, पुन्हा बळ मिळावे म्हणून तिने आपल्याजवळचा गूढ मणी गिळून ड्रॅगनचे रूप घेतले. त्या रूपात गेलेल्याला स्वतःची ओळखही उरत नाही. खेळाच्या आरंभापासून आपल्या डोक्यावरून संथपणे फिरणारा तो उजळ ड्रॅगन म्हणजे तीच. या मालिकेत मी पाहिलेला हा सर्वांत करुण प्रसंग आहे आणि तो पाहताना मला रडू आवरले नाही.

रेखाचित्रे कोणत्याही क्रमाने पाहता येत असल्यामुळे हे सत्य मला निम्म्याहून अधिक खेळ शिल्लक असतानाच कळले. त्यानंतर एखाद्या पात्राच्या बोलण्यात किरकोळ फरक पडत असेल, पण मुख्य कथा आपली वाट सोडत नाही. पेन नावाचा रिटो वार्ताहर एकेका तबेल्यावर भेटतो, राजकुमारी अमुक ठिकाणी दिसल्याच्या अफवा तपासू या म्हणतो, आणि लिंक मुकाट्याने त्याच्याबरोबर निघतो. राजवाड्यात खोटी झेल्डा एका दालनातून दुसऱ्या दालनात दिसत राहते आणि लिंक तिच्यामागे धावत राहतो. माझी भाची शेजारी बसून हे सगळे पाहत असते आणि संवाद मी तिला आपल्या बोलीत सांगत असते. राजवाड्यातली ती धावपळ सुरू झाली तेव्हा ती मला म्हणाली, “आत्या, ह्याला ठाऊक हाय न्हवं? मग सांगेना का झालाय?” मला उत्तर देता आले नाही. सौंदत्तीच्या यात्रेत एखादे मूल चुकावे, सगळी माणसे त्याला शोधत असावीत, आणि ते कुठे आहे हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्यानेच त्यांच्यात मिसळून हाका मारत फिरावे, असे ते दृश्य होते.

त्यात भर म्हणजे चार टेंपल, म्हणजे कोड्यांच्या मोठ्या इमारती, पुरी झाल्यावरचे चार प्रसंग. प्रत्येक ठिकाणी एक प्राचीन ज्ञानी पुरुष किंवा स्त्री प्रकट होते, खलनायक गॅनॉन्डॉर्फशी झालेल्या युद्धाची तीच हकिगत सांगते, तसाच एक गूढ मणी आपल्या वारसाच्या हाती देते, आणि वारस तेच वचन देतो. टुलिन या वारसाच्या तोंडून ऐकलेले युनोबोच्या, मग सिडॉनच्या, मग रिजूच्या तोंडून ऐकायचे. चौथ्या वेळी मी भाचीला काही सांगितलेच नाही, कारण तोवर तिचे ते पाठ झाले होते. कोणते टेंपल कोण आधी करील याचा नेम नसल्यामुळे प्रत्येक प्रसंग पहिलाच असल्यासारखा लिहिला आहे, हे मला कळते. पण सगळी पुरी करणाऱ्याला चारही पाहावे लागणार, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय?

आधीच्या खेळातही आठवणींचे तुकडे विखुरलेले होते, पण तिथे ते शोभले. लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून उठलेला आणि सारे विसरलेला होता, त्यामुळे तुकडे कसेही हाती आले तरी ते त्याच्या अवस्थेशी जुळत होते. पराभव आधीच झालेला होता, त्यात लपवण्यासारखे रहस्य नव्हते. नव्या खेळात रहस्यकथा रचली आहे आणि तिचे शेवटचे पान हाती पहिले येऊ शकते. खेळाडूला वाटेल तिकडे जाऊ द्यायचे ठरवले की कथेचा असा बळी द्यावाच लागतो का, की हा या एका खेळाचा दोष आहे?


उद्यमबाग_लेथ (बेळगाव)

ताई, तुमची तक्रार खरी आहे, पण तुम्ही ज्या भागाला एका वाक्यात ‘अपूर्व’ म्हणून पुढे गेलात, तोच माझ्या मते या खेळाचा जीव आहे आणि त्याला न्याय मिळायला हवा.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. फौंड्रीतून आलेले कास्टिंग फिक्स्चरमध्ये बसवायचे, सेटिंग करायचे, माप काढायचे, असा दिवस जातो. जॉब केसभर कललेला बसला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, हे हाताला शिकवावे लागत नाही. त्यामुळे वस्तू उचलून जोडणाऱ्या ‘अल्ट्राहँड’ या शक्तीने पहिल्यांदा दोन फळ्या जोडल्या तेव्हाच माझ्या लक्षात आले की हे काम करणाऱ्या माणसांनी बनवले आहे. पुढे एक पंखा, मागे एक पंखा आणि मधे स्टीअरिंग स्टिक, एवढ्यावर उडणारी बाइक तयार होते. पण तिन्ही एका रेषेत नसतील तर बाइक एका अंगाला ओढत राहते, आणि स्टिक थोडी पुढेमागे झाली तर नाक वर करते किंवा खाली घालते. चुकले तर कळ हलवून सांधा सोडवायचा आणि पुन्हा लावायचा. लाकूड तरंगते, लोखंड बुडते, चाकाला भार सोसला नाही तर गाडी उलटते. हे नियम हायरूलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही बदलत नाहीत, आणि हे सगळे 2017 साली आलेल्या स्विच या लहानशा यंत्रावर चालते.

निर्माते एइजी आओनुमा यांनी मार्च 2022 मध्ये हा खेळ 2023 च्या वसंत ऋतूपर्यंत पुढे ढकलल्याचे जाहीर केले, तेव्हा मीही हळहळलो होतो. हाती आल्यावर मात्र ती हळहळ राहिली नाही. वस्तूंचे इतके नियम एकमेकांत न अडखळता चालवायचे म्हणजे काय, हे ज्याने एक साधे जिग बनवून ते रोजच्या कामात टिकवून दाखवले आहे त्याला समजेल.

कथा विसराळू आहे, हे मान्य. पण ज्या खेळात मी संध्याकाळी घरी येऊन तासभर एक बैलगाडीसारखी गाडी बनवतो, तिला डोंगर चढवतो आणि ती उलटली की कारण शोधतो, त्या खेळात झेल्डा कुठे आहे हे लिंकने कुणाला सांगितले की नाही, याकडे माझे लक्षच जात नाही.


मलप्रभाकाठ (खानापूर)

वरच्या दोन्ही मतांच्या मधे मी उभा आहे, आणि माझी निराशा तिसऱ्याच जागी आहे. 1998 सालचा मूळ ‘ऑकारिना ऑफ टाइम’ मी टीव्हीवर खेळलेला आहे, तेव्हा जुन्या माणसाचे मत म्हणून वाचावे.

दादांनी ज्या बाइकचे कौतुक केले, तिनेच हा खेळ माझ्यासाठी अर्धा संपवला. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये डोंगर दिसला की तो चढायचा, दम संपेल का याचा अंदाज बांधायचा, आणि मधेच पाऊस आला तर कड्यावरून हात घसरायचे. आमच्या जांबोटीच्या बाजूला पावसाळा काढलेल्या माणसाला ओला खडक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पुष्कळांना तो पाऊस नकोसा वाटला, पण मी कपारीखाली चूल पेटवून पाऊस ओसरायची वाट पाहत बसायचो आणि ते मला खेळाइतकेच प्रिय होते. नव्या खेळात दोन पंखे जोडले की डोंगर, पाऊस, दरी, सगळे पायाखालून निघून जाते. झोनाई या प्राचीन लोकांचे तयार पंख आणि फुगे काही वेळाने विरून जातात, पण पंखा आणि स्टिक विरत नाहीत, बॅटरीपुरते उडतच राहतात. भूगोल इतक्या मेहनतीने रचायचा आणि तो ओलांडण्याचे साधन इतके स्वस्त ठेवायचे, हे मला समजलेले नाही.

जमिनीखालच्या अंधाऱ्या प्रदेशाचे तसेच झाले. पहिल्यांदा त्या विवरात उडी घेतली आणि खाली तेवढेच मोठे आणखी एक जग पसरलेले पाहिले, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. हळूहळू रचना उमगते. वर जिथे डोंगर तिथे खाली दरी, वर जिथे पाणी तिथे खाली भिंत, वर जिथे श्राइन त्याच्या नेमके खाली अंधार उजळणारे प्रकाशमूळ, इतके की त्या मुळाचे नाव म्हणजे वरच्या श्राइनचे नाव उलटे लिहिलेले असते. ही कल्पना अतिशय सुंदर आहे आणि मी तिला मनापासून दाद देतो. पण एकदा ती कळली की 120 मुळे कुठे आहेत हे वरच्या नकाशावरूनच सांगता येते, आणि तिथे जाऊन मिळते काय, तर पुन्हा झोनाइट नावाचे खनिज, पुन्हा यिगा या शत्रुटोळीचा तळ, पुन्हा आधीच्या खेळांतला एखादा पोशाख.

टेंपलविषयी लिहायचे म्हणजे हात लांबतो. ‘ऑकारिना’तले वॉटर टेंपल ज्यांनी खेळले आहे ते अजून त्याच्या नावाने कपाळाला आठ्या घालतात. तिथे पाण्याच्या तीन पातळ्या असतात. विशिष्ट ठिकाणी झेल्डाची अंगाई वाजवली की पातळी बदलते, आणि प्रत्येक बदलाबरोबर इमारतीतला प्रत्येक जिना, प्रत्येक दरवाजा वेगळा होतो. एका खोलीत केलेल्या कृतीचा परिणाम चार खोल्यांपलीकडे होतो, म्हणून संपूर्ण इमारत डोक्यात धरून ठेवावी लागते. लोखंडी बूट घालायला-काढायला दर वेळी खेळ थांबवावा लागे, ही गैरसोय खरी होती आणि 2011 च्या आवृत्तीत ती दूर केली. नव्या खेळातल्या टेंपलमध्ये चार किंवा पाच कुलुपे असतात, ती कोणत्याही क्रमाने उघडायची, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. फायर टेंपलमध्ये रुळांचे इतके गुंतागुंतीचे जाळे रचले आहे, पण भिंत चढून गेले की त्या रुळांना हातही लावावा लागत नाही. अपवाद विंड टेंपलचा. वादळातून एकेका जहाजावर उड्या घेत वर चढतानाचा तो अर्धा तास आणि चढत जाणारे संगीत, हे मालिकेतल्या कोणत्याही क्षणाच्या तोडीचे आहे. गंमत अशी की तेवढ्या भागात वाट एकच आहे.


निपाणीकर

ताईंना एक सुचवतो. दुसऱ्यांदा खेळणार असाल तर आधी चारही टेंपल करा, मग राजवाडा, मग मिनेरू या पात्राचा भाग, आणि रेखाचित्रे सगळ्यांत शेवटी पाहून तिथून थेट गॅनॉन्डॉर्फकडे जा. मास्टर सोर्डही तोवर घेऊ नका. या क्रमाने खेळले तर राजवाड्यातली धावपळ खटकत नाही आणि शेवट दुप्पट भिडतो. मी धाकट्या भावाला असेच खेळायला लावले आणि त्याची काही तक्रार राहिली नाही.


काळीनदी (कारवार)

राजहंसगड यांच्या भाचीच्या प्रश्नाला मालिकेच्या परंपरेत एक उत्तर आहे. 1986 च्या पहिल्या खेळापासून लिंक बोलत नाही, कारण तो खेळाडूच्या जागी उभा असतो. त्याने काय सांगितले हे आपण कल्पनेने भरायचे असते. त्यामुळे त्याच्या मौनाला दोष देताना थोडा विचार व्हावा. टेंपलनंतरच्या त्या चार प्रसंगांविषयी मात्र माझे मत राजहंसगड यांच्यासारखेच आहे. तिथे लिंक गप्प आहे आणि बाकीचेच फार बोलतात.


राजहंसगड (बेळगाव)

सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल आभारी आहे.

काळीनदी, लिंकचे मौन मला कधीच खटकलेले नाही. 2000 सालच्या ‘मेजोराज मास्क’मध्येही तो गप्पच आहे. तिथे चंद्र कोसळायला तीन दिवस उरलेले असतात, ते संपत आले की लिंक काळ मागे फिरवतो, आणि त्याने ज्यांना मदत केली ती सगळी माणसे त्याला पुन्हा अनोळखी होतात. म्हणजे विसरण्यात तो खेळ याच्या कितीतरी पुढे आहे. पण तिथे ते विसरणे हेच दुःख आहे, आणि खेळाला त्याची पूर्ण जाणीव आहे. आन्जू आणि काफेई यांची ताटातूट सोडवण्यासाठी तीन दिवस ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर राहावे लागते, कोण कधी कुठे भेटेल याची नोंद वहीत होत राहते, आणि काळ मागे फिरवल्यावर ती दोघे पुन्हा वेगळी झालेली असली तरी वहीतली नोंद पुसली जात नाही. लिंक एक शब्दही न बोलता आपल्याला कळते की त्याला आठवते आहे. ‘टिअर्स’मध्ये मी नेमके हेच शोधत होते. त्याने काय सांगितले हे मी कल्पनेने भरले असते, पण ऐकणाऱ्यांच्या वागण्यात फरक पडायला नको का? मी कल्पनेत पेनला सगळे सांगते आणि पुढच्या तबेल्यावर तोच पेन नव्या उत्साहाने नवी अफवा घेऊन उभा असतो, तेव्हा माझी कल्पनाच खोटी पडते.

निपाणीकर, तुमचा क्रम मी नक्की वापरणार आहे, कारण भाचीला आता स्वतः खेळायचे आहे. पण त्या क्रमाने खेळायचे तर माळावर रेखाचित्र समोर दिसत असताना त्याच्याकडे पाठ फिरवावी लागते. ‘दिसेल तिकडे जा’ असे सांगून बोलावणाऱ्या खेळात खेळाडूला हे पथ्य पाळावे लागावे, याचे मला वाईट वाटते.

मलप्रभाकाठ यांनी विंड टेंपलविषयी जे लिहिले त्यात मला माझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले. त्या अर्ध्या तासात खेळाला ठाऊक असते की मी कुठून आले आणि पुढे कुठे जाणार आहे. तसे चार-पाच टप्पे कथेतही बांधून ठेवले असते आणि मधला सगळा प्रदेश मोकळा सोडला असता, तर दोन्ही साधले असते असे मला वाटते. मोकळेपणाचा हा अपरिहार्य दोष आहे, असे आता मी म्हणणार नाही.

उद्यमबागेच्या दादांना एक विनंती आहे. भाचीने बनवलेली बाइक सारखी डावीकडे ओढते. पंखे सरळ आहेत, स्टिकही मधोमध दिसते, तरीही हे होते. बसवण्याचा नेमका क्रम आणि पंख्यांचा कोन सविस्तर लिहिलात तर ती तुमच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा जोडून पाहील.


उद्यमबाग_लेथ (बेळगाव)

‘दिसते’ यावर विसंबू नका. आधी स्टिक सपाट जमिनीवर ठेवा, मग तिच्या पुढच्या बाजूला पहिला पंखा जोडा, आणि दुसरा पंखा जोडताना कॅमेरा बरोबर मागे आणून तिन्हींचे मध्य एकाखाली एक येतात का ते पाहा. बहुतेक वेळा मागचा पंखा खाचेत न बसता तिच्या कडेला चिकटलेला असतो आणि वरून पाहिल्यावर कळत नाही. तो सोडवून पुन्हा लावा. एकदा नीट जमली की, जोडलेली वस्तू पुन्हा आपोआप बनवून देणाऱ्या ‘ऑटोबिल्ड’मध्ये आवडत्या यादीत ठेवून द्या, म्हणजे भाचीला दर वेळी सेटिंग करावे लागणार नाही.